लाल फेज रोज रात्री का उडायची : मानेवाड्याकडच्या एका डीपीचं प्रकरण

मे महिन्यात रात्री अकराला लाइट गेली तर काय होतं ते नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. गच्ची तापलेली, भिंती तापलेल्या, कूलरच्या टाकीतलं पाणीसुद्धा कोमट, आणि पंखा थांबला की पाच मिनिटांत लहान पोरं रडायला लागतात. आमच्या ले-आउटमध्ये मागच्या मे महिन्यात हे अकरा रात्री झालं. पूर्ण ले-आउटची लाइट जायची असं नाही, मधली मधली घरं जायची, म्हणजे आमच्याकडे अंधार आणि समोरच्या काकांकडे एसी सुरू, त्यांच्या बाजूला परत अंधार. मग कोणीतरी लाइनमन भाऊंना फोन करायचं, ते बिचारे बारा-साडेबाराला स्कूटरवर यायचे, फ्यूजची तार टाकायचे, आणि दुसऱ्या रात्री परत तेच.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवते. स्मार्ट ग्रिड (मोजणाऱ्या मीटरांच्या आकड्यांवर चालणारं विजेचं जाळं) हा विषय मुलांना दर वर्षी शिकवते, आकृत्या काढून, आणि माझ्याच गल्लीतली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, रोज रात्री फ्यूज उडवते हे मला सहन होईना, म्हणून हे प्रकरण हातात घेतलं. झालं तसं सगळं लिहिते, कारण नागपुरात अशा परिस्थितीतल्या वस्त्या खूप असणार.

आधी जागा समजून घ्या. मानेवाडा रिंग रोडच्या आतला जुना ले-आउट, हनुमान मंदिराजवळ कडुनिंबाखाली २०० केव्हीए क्षमतेची डीपी (ऑफिसच्या कागदावर रोहित्र, आमच्यासाठी डीपीच), ११ हजार व्होल्ट आत येतात आणि ४३३ व्होल्ट बाहेर पडतात, तीन फेज (वीज आणणाऱ्या तीन तारा, लाल, पिवळी, निळी) आणि न्यूट्रल (परतीची तार). डीपी लागली तेव्हा बहुतेक घरं एकमजली, उन्हाळ्यात खिडकीला कूलर आणि त्याला वाळ्याची नाहीतर गवताची जाळी. कूलर म्हणजे फार तर २०० वॉट. आता तीन प्लॉटवर फ्लॅट स्कीम झाल्या, प्रत्येक घरात एक एसी, काहींकडे दोन, आणि दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास घेतो म्हणजे सात-आठ कूलरच्या बरोबर. शिवाय तीन घरी ई-रिक्षा, त्या रात्रीच चार्जिंगला लागतात. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आमच्या शेजारी, विजेचा तुटवडा म्हणून हा अंधार नव्हताच, तो पडायचा तो शेवटच्या चारशे मीटरमध्ये.

व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, नवीन स्मार्ट मीटर लागले तेव्हापासून हे होऊन राहिलं, मीटर काढा. दुसऱ्यांचं म्हणणं, डीपी छोटी पडते, ३१५ ची लावून द्या, सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन देऊ. पहिल्या पक्षाचा राग मी खोटा म्हणणार नाही. २०२४ च्या जूनमध्ये प्रीपेड मीटरविरोधात नागपुरात किती आंदोलनं झाली ते सगळ्यांनी बघितलंय, आणि आमच्याकडे मीटर बदलायला आलेल्या माणसांनी दहा मिनिटांत जुना काढला, नवा लावला, एक शब्द नीट सांगितला नाही. पण मीटर फ्यूज उडवत नाही. तो फक्त मोजतो आणि मोजलेलं पाठवतो. फ्यूज उडते ती तारेतून जास्त करंट गेला म्हणून, आणि कुठल्या तारेतून किती जातोय हे सांगणारी वस्तू त्या मीटरमध्येच होती, हे ग्रुपवर समजावून सांगायला मला दोन दिवस लागले.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मात्र मला स्वतःला पटत होतं. हिशोब करायला बसले तेव्हा डोक्यात शंका आली. २०० केव्हीएची डीपी एका फेजला साधारण २६७ अँपिअर देऊ शकते. लाइनमन भाऊंना मी म्हटलं, भाऊ उद्या याल तेव्हा टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) घेऊन या, फ्यूज उडायच्या आधी तिन्ही फेज मोजू. ते म्हणाले, "मॅडम, मी तर कवाचा सांगून राहिलो का लालवरच लोड आहे, पण वर कोणी ऐकत नाही." दुसऱ्या दिवशी रात्री पावणेअकराला आम्ही मोबाइलच्या उजेडात आकडे घेतले, लाल ३१०, पिवळी १८०, निळी १६५. तिन्ही मिळून ६५५, सरासरी २१८, म्हणजे डीपी ८२ टक्केच भरलेली. पण लाल फेज एकटी ११६ टक्क्यांवर. डीपी छोटी नव्हतीच. तिच्या एका खांद्यावर सगळं ओझं टाकलेलं होतं.

यात दोन गोष्टी अजून आहेत ज्या बाहेरून दिसत नाहीत. एक म्हणजे न्यूट्रल. तिन्ही फेज सारख्या भरल्या असतील तर न्यूट्रलमधून जवळपास काहीच जात नाही, एकमेकींचं एकमेकींत फिटतं, पण ३१०, १८०, १६५ अशी परिस्थिती असली की न्यूट्रलमधून १३८ अँपिअर वाहतात. तो जोड सैल होऊन सुटला तर काही घरांना १७० व्होल्ट आणि काहींना २९० मिळू शकतात, आणि मग एकाच मिनिटात फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन सगळं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे कमी व्होल्टेजनं लोड उलट वाढतो. इन्व्हर्टर एसीला जेवढे वॉट लागतात तेवढे तो घेतोच, २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर घेणारा एसी १९६ व्होल्टला पावणेआठ अँपिअरच्या आसपास घेतो, तारेवर अजून ताण, व्होल्टेज अजून खाली, आणि हे चक्र फ्यूज उडेपर्यंत चालतं.

आणि एक गोष्ट मला सांगायलाच पाहिजे, कारण ती बघून माझ्या पोटात गोळा आला होता. मधल्या दोन रात्री फ्यूज उडाली नाही म्हणून सगळे खुश होते, आणि मी बघितलं तर किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोबणीत, तार दुहेरी पिळून टाकलेली. लोकांचा त्रास थांबावा म्हणूनच कोणीतरी टाकली असेल, पण फ्यूज उडली नाही म्हणजे करंट कमी झाला असं नाही, तो आता डीपीच्या वाइंडिंगला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) तापवत बसतो. आतल्या कागदाच्या इन्सुलेशनचा हिशोब असा की सर्वात गरम जागेचं तापमान ९८ अंशांच्या वर गेलं की दर ६ अंशांना त्याचं झिजणं दुप्पट होतं. बाहेर दिवसा ४५, रात्रीही हवा गार होत नाही, म्हणजे तेलाला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ती डीपी जळाली असती तर एका रात्रीचा नाही, नवीन येईपर्यंत कितीतरी दिवसांचा अंधार होता. त्याच रात्री भाऊंकडून तार परत एकेरी करून घेतली आणि ग्रुपवर सांगितलं की उडाली तर उडू द्या. चार जणांनी मला बरंच सुनावलं.

आता प्रश्न होता की लालवर नेमकी कुठली घरं आहेत. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, ऑफिसातही नाही. गेल्या पंधरा वर्षांत ज्याला कनेक्शन दिलं त्याला खांबावर वायरमनच्या हाताला जी तार आधी लागली त्यावर जोडून दिलं. सिंगल फेज मीटरला आपण कुठल्या फेजवर आहोत ते कळत नाही. पण त्याला व्होल्टेज कळतं, आणि एका फेजवरच्या घरांचं व्होल्टेज एकत्र पडतं, एकत्र चढतं. सगळी किल्ली हीच आहे. मीटरचं बटण दाबत गेलं की स्क्रीनवर युनिट, मग व्होल्ट, मग अँपिअर असं येत जातं. आम्ही ठरवलं, तीन रात्री, नऊ ते बारा, दर अर्ध्या तासाला प्रत्येकानं व्होल्टच्या आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, सोबत घर नंबर. माझे चार विद्यार्थी जवळपास राहतात ते फिरले, आणि सगळ्यात नियमानं फोटो पाठवले ते आमच्या भिशीच्या बायकांनी. एक आजी तर नातवाला झोपेतून उठवून फोटो काढायला लावायच्या. फोटोवर वेळ असते म्हणून काम सोपं झालं, मी एक्सेलमध्ये आकडे टाकत गेले, आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत तीन गट डोळ्यांना दिसायला लागले. एक गट साडेदहाला धाडकन खाली, शेवटच्या खांबाजवळ १९६ पर्यंत. दुसरे दोन त्यापेक्षा बरे. नियम २४० व्होल्टला ६ टक्के वर-खाली म्हणजे साधारण २२६ ते २५४, त्या हिशोबानं १९६ म्हणजे फारच वाईट.

लालवर ३१ घरं, पिवळीवर २२, निळीवर १७. आणि चार घरं कुठल्याच गटात बसेनात. त्यांचं व्होल्टेज रात्रभर छान २३५, आमच्यात फ्यूज उडाली तरी त्यांना काही नाही. मग मी सगळ्यांना बिलाचा फोटो मागितला, कारण बिलावर चक्र-मार्ग-क्रमाच्या शेजारी डीटीसीचा, म्हणजे डीपीचा, नंबर छापलेला असतो, बहुतेक लोकांनी तो आयुष्यात वाचलेला नसतो. ७४ जणांच्या बिलावर आमच्या डीपीचा नंबर होता, त्यातच हे चौघं, पण त्यांची तार प्रत्यक्षात मागच्या गल्लीतल्या डीपीवरून येत होती. तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण डीपीवरच्या मीटरमधून किती युनिट गेले आणि त्याखालच्या ग्राहकांच्या मीटरांची बेरीज किती, यावरूनच गळती आणि चोरी शोधतात. जोडणीचीच यादी चूक असेल तर इकडे नसलेली चोरी दिसणार आणि तिकडे असलेली लपणार. ही यादी बरोबर बनवण्याला कन्झ्युमर इंडेक्सिंग म्हणतात, आणि माझ्या मते पूर्ण स्मार्ट ग्रिडमधलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारणा योजनेचा आकडा ३,०३,७५८ कोटींचा, त्यात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं लक्ष्य, डीपी आणि फीडरवरचे मीटर वेगळे. त्या सगळ्या मीटरांचा उपयोग कुठला मीटर कुठल्या डीपीच्या कुठल्या फेजवर आहे या एका यादीवर टिकून आहे.

हे सगळं घेऊन आम्ही पाच जण वीज ऑफिसला गेलो. पहिल्या दिवशी साहेब भेटले नाहीत, दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन शिक्का मारून दिला, तिसऱ्यांदा एक तरुण इंजिनिअर भेटले, त्यांनी एक्सेल बघितलं आणि खुर्ची ओढून बसायला सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर आमच्या डीपीचा मीटर उघडला. दर अर्ध्या तासाची तिन्ही फेजची नोंद तिथे होती, मार्चपासूनची. मार्चमध्येच लाल वर चढताना दिसत होती. मला त्या क्षणी राग पण आला आणि वाईट पण वाटलं, कारण आम्ही अकरा रात्री जे भोगलं ते दोन महिने आधी एका स्क्रीनवर लिहिलेलं होतं आणि ते बघायला माणूस नेमलेला नव्हता. त्या इंजिनिअरकडे अशा शेकडो डीपी, रोज वसुली, रोज तक्रारी, त्यांना दोष देऊन काय होणार. पण लोड एका फेजवर ९० टक्क्यांच्या वर गेला तर आपोआप मेसेज यावा एवढं तर त्या सॉफ्टवेअरकडून मागता येतंच, त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही.

एक मात्र जुळेना. स्क्रीनवर निळी फेज ९५ अँपिअर दाखवत होती आणि आमच्या टाँग टेस्टरवर त्याच वेळेला १६५. इंजिनिअर म्हणाले सिस्टिमचा आकडा बरोबर असणार. मी म्हटलं सर, ३० मे २०२४ ला आपल्या नागपूरच्या एका ऑटोमॅटिक स्टेशननं ५६ डिग्री दाखवलं होतं, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानंच सांगितलं की तो सेन्सर बिघडलेला होता. ते लगेच मानले. डीपीवर जाऊन बघितलं तर निळ्या फेजच्या सीटीची (मीटरला करंट कळवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची) तार टर्मिनलमध्ये सैल. म्हणजे नुसता सिस्टिमचा आकडा धरून घरं हलवली असती तर निळी रिकामी समजून तिच्यावरच जास्त ओझं टाकलं असतं. वर्षातून एकदा तरी माणसानं टाँग टेस्टर लावून मीटरला ताडून बघायला पाहिजे, हे मी आता वर्गातही सांगते.

याच्यात दिवसाचा एक वेगळाच त्रास मिसळला होता. आमच्याकडे सहा घरांवर सोलर आहे, पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून गेल्या वर्षात चार नवीन लागले. योगायोगानं सहाही निळीवर. दुपारी बाराला घरात लोड नाही, माणसं ऑफिसला, आणि सहा गच्च्यांवरून वीज एकाच फेजवर उलटी चढते, व्होल्टेज २५९ पर्यंत. मर्यादा ओलांडली की सोलरचा इन्व्हर्टर स्वतःला ग्रिडपासून सोडवून घेतो, ते बरोबरच आहे, पण मालकाची भर उन्हातली कमाई जाते. शेजारच्या काकूंना वाटत होतं की कंपनीनं खराब इन्व्हर्टर दिला, दोनदा त्यांनी माणूस बोलावून पैसे दिले. त्यात अजून एक कारण निघालं, मागच्या एका उन्हाळ्यात डिम लाइटच्या तक्रारी आल्या म्हणून डीपीचा टॅप एक घर वर करून ठेवला होता, अडीच टक्के व्होल्टेज वाढवायला. रात्री त्याचा थोडा फायदा, दुपारी पूर्ण तोटा. रात्रीचं आणि दिवसाचं दुखणं एकच होतं, असंतुलन, फक्त फेज वेगळी.

दुरुस्ती एका रविवारी झाली, सकाळी साडेसहा ते साडेदहा शटडाउन घेऊन. लालवरची दहा कनेक्शनं काढली, त्यातले पाच फ्लॅट एकाच स्कीमचे, कारण बिल्डरच्या इलेक्ट्रिशियननं मीटर बॉक्समध्ये आठही फ्लॅट एकाच फेजवर जोडून ठेवले होते, बाकी दोन फेज बॉक्सपर्यंत येऊन रिकाम्या. चार कनेक्शनं पिवळीवर गेली, सहा निळीवर. सोलरची दोन घरं निळीवरून लालवर आणली आणि त्यांच्या बदल्यात एसीची दोन घरं निळीवर, असे एकूण चौदा जोड बदलले. टॅप एक घर खाली. डीपीचा न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) उघडला तर तो काळा पडलेला, एका बाजूनं वितळायला आलेला, भाऊंनी तो हातात धरून मला दाखवला आणि काही बोललेच नाहीत. नवीन लग क्रिंप केला, पाना लावून घट्ट आवळला. काम सुरू असताना एक लाइनमन खांबावर आणि सहा गच्च्यांवर सोलर, म्हणून मी प्रत्येक घरी जाऊन इन्व्हर्टरचा स्विच बंद असल्याचं बघून आले. लाइन मेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतोच, तो तसा बनवलेलाच असतो, तरी खांबावर माणूस असताना नुसत्या विश्वासावर राहायचं नाही.

त्या रात्री पावणेअकराला परत मोजलं. लाल २२५, पिवळी २१८, निळी २१२. बेरीज तीच ६५५, एक युनिट कोणी कमी वापरलं नाही, एक रुपयाची नवीन डीपी आली नाही. न्यूट्रलमध्ये १३८ च्या जागी ११ अँपिअर. वाइंडिंगचं तापणं करंटच्या वर्गावर असतं म्हणून लाल फेजचं तापणं जवळपास निम्मं झालं. जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत फ्यूज एकदाही उडाली नाही. काकूंचा इन्व्हर्टर दुपारी २४८ च्या आसपास शांत चालतो.

शेवटच्या खांबाजवळच्या घरांना अजूनही रात्री २१९ च मिळतात, १९६ पेक्षा बरं पण नियमाच्या खाली. तिथपर्यंतची तार बारीक आहे, ती बदलायचं एस्टिमेट झालंय, काम बाकी आहे, त्याच्या मागे आम्ही लागलोय. त्या चार घरांच्या बिलावर अजून आमच्याच डीपीचा नंबर येतो. सीटी दुरुस्त झाली. ९० टक्क्यांच्या मेसेजचं वर पाठवलंय म्हणाले.

ग्रुपवर आता वेगळेच प्रश्न येतात. दिवसाच्या युनिटला सवलत आहे तर वॉशिंग मशीन कधी लावू, मीटरच्या ॲपमध्ये दिवसाचा आलेख कसा बघायचा, असे. २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीत आहे की स्मार्ट मीटर दिवसातून निदान एकदा दुरून वाचला गेला पाहिजे आणि तो डेटा ग्राहकाला बघायला मिळाला पाहिजे, ते मी पिन करून ठेवलंय. ई-रिक्षावाल्या तिघांशी बोलून दोघांनी चार्जिंग रात्री एकनंतर सुरू करायला टायमर लावला, तिसऱ्याला सकाळी पाचला निघावं लागतं म्हणून त्याचं तसंच ठेवलं, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

कोपऱ्यावरच्या प्लॉटवर परत एक स्कीम सुरू झाली आहे, बारा फ्लॅटची, आत्ता पायाचं खोदकाम चालू आहे. तिथल्या इलेक्ट्रिशियनला मी आणि लाइनमन भाऊ जाऊन भेटलो. मीटर बॉक्समध्ये चार-चार फ्लॅट प्रत्येक फेजवर, आणि प्रत्येक मीटरखाली लाल, पिवळ्या, निळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा असं ठरलंय.